आषाढातली पंचगंगा आणि चैत्रातली पंचगंगा

आषाढातल्या मंगळवारी किंवा शुक्रवारी कोल्हापुरात पंचगंगेच्या वाटेला लागले की आधी पी ढबाक या वाद्यांचा आवाज कानावर येतो आणि मागाहून मिरवणूक दिसते. नदीला नवे पाणी आलेले असते. ते कलशांत आणि घागरींत भरायचे, कुमारिकांच्या डोक्यावर द्यायचे, वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर न्यायचे आणि त्र्यंबोलीच्या, म्हणजेच टेंबलाईच्या, पायरीवर ओतायचे, ही इथल्या गल्ल्यांची आणि तालमींची जुनी रीत आहे. पाऊस आला, नदी भरली, वर्षाची काळजी मिटली, हे देवीला सांगण्याची ही तऱ्हा. मला ती फार मोलाची वाटते, कारण तिच्यात नदीकडे काही मागणे नसते. ती आली याचा नुसता आनंद असतो.

अशाच एका आषाढात घाटावर पाहिलेली गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी, कोरे परकर-पोलके घातलेली, डोक्यावरचा कलश सावरत पायऱ्या चढत होती. ओल्या दगडावर पाऊल सरकले, कलश हिंदकळला आणि पाणी तिच्या कपाळावरून ओठांवर आले. शेजारी चालणाऱ्या बाईंनी, त्या तिची मावशी किंवा काकू असाव्यात, झटकन पदराने तिचे तोंड पुसले आणि म्हणाल्या, ‘‘तोंडात जाऊ देऊ नगंस गं, थुक बघू.’’ मुलगी थुंकली, कलश पुन्हा काठोकाठ भरून घेतला गेला आणि मिरवणूक देवीकडे निघाली. त्या बाईंचे काही चुकले नाही. लेकराची काळजी असलेल्या कोणीही तेच केले असते. पण जे पाणी लेकराच्या तोंडात जाऊ नये तेच आपण देवीच्या पायरीवर ओतायला निघालो आहोत, हे तिथे उभ्या असलेल्या आम्हा कोणालाच तेव्हा जाणवले नाही. मलाही ते घरी आल्यावर खटकले.

नद्यांच्या पुनरुज्जीवनाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्यात श्रद्धेचा विषय निघाला की दोन तट पडतात. एकाला वाटते की पूजाअर्चा, निर्माल्य आणि विसर्जन यांनीच नदी बिघडवली. दुसऱ्याला वाटते की नदी ही आई आहे, ती सगळ्यांचे मळ धुते, तिला कसला विटाळ होणार? मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. कोल्हापुरात श्रद्धा कमी पडलेली नाही. तिचे वर्ष अपुरे आहे आणि तिची हद्द घाटापाशी संपते. आषाढात नवे पाणी आले की, त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे हजारो पणत्या लावायच्या असल्या की आणि पर्वकाळ लागला की आपण नदीजवळ असतो. नदी आजारी पडते ती पावसाळा सरल्यावर, आणि पौष-माघापासून पुढे उन्हाळाभर तिच्या उशाशी बसायला फारसे कोणी नसते.

ही नदी आपल्या गावाच्या आधीपासूनची आहे, किंबहुना गाव तिच्यामुळेच आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच नद्या प्रयाग चिखलीला एकत्र येतात आणि तिथून पंचगंगा हे नाव सुरू होते. घाटाशेजारच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ च्या सुमारास उत्खनन झाले, तेव्हा सातवाहनकाळातली वस्ती उजेडात आली. याच टेकाडात रोमन जगातून आलेली समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्ती सापडली, ती आज टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षे माणसे या काठावर चूल मांडून आहेत. पुढे सुमारे ८० किलोमीटर वाहून पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळते. तिथला दक्षिणद्वार सोहळा ज्याने पाहिला असेल त्याला वेगळे काही सांगायला नको. पूर चढत जातो, पाणी मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडते आणि त्या प्रवाहात स्नान करायला माणसे धाव घेतात. देवाचे घर बुडाले म्हणून कोणी हळहळत नाही. नदी स्वतः देवाला स्नान घालायला आली, असे सगळे मानतात. नदीचा घरात येण्याचा हक्क इतक्या मोकळेपणाने मान्य करणारी परंपरा आपल्याकडे आहे, हे विसरून चालणार नाही, कारण पुढचे सगळे काम तिच्याच जोरावर करायचे आहे.

आता चैत्रातल्या पंचगंगेकडे पाहू. पावसाळा सरला की बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घालतात. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हे नाव महाराष्ट्रभर गेले ते आपल्याच नद्यांवरून. पावसाळ्यात बरगे काढून पाणी मोकळे सोडायचे आणि नंतर बरगे घालून ते अडवायचे, ही साधी आणि शहाणपणाची रचना. शेतीला तिने मोठा आधार दिला. पण बरगे घातले की वाहती नदी पायऱ्यापायऱ्यांच्या तळ्यांसारखी होते आणि नेमका त्याच महिन्यांत गळीत हंगाम असतो. साखर कारखाने आणि त्यांच्या आसवन्या (डिस्टिलऱ्या) चालू, इचलकरंजीची कापड प्रक्रिया चालू, कोल्हापूर शहराचे आणि काठावरच्या गावांचे मैलापाणी तर बारमाही. वाहते पाणी जे पोटात घेऊन पचवू शकते ते साठलेल्या पाण्याला पचत नाही.

हे पचवणे म्हणजे काय, ते नीट समजून घ्यायला हवे, कारण ‘नदी स्वतःला शुद्ध करते’ या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. पाण्यातले सूक्ष्मजीव घाण खातात हे खरे. पण खाताना ते पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात, आणि त्याच ऑक्सिजनवर मासे जगतात. स्नानायोग्य पाण्यात तो लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा आणि घाण पचवायला लागणारी ऑक्सिजनची मागणी, म्हणजे बीओडी, ३ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असे मानक आहे. घरगुती मैलापाण्यात ही मागणी साधारण दोन-तीनशे असते. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या काळ्या-तपकिरी स्पेंटवॉशमध्ये ती चाळीस-पन्नास हजारांच्या घरात असते. रात्रीच्या अंधारात असा एक टँकर ओढ्यात रिकामा झाला, तर नदीवर पडणारा बोजा मैलापाण्याच्या दीड-दोनशे टँकरांइतका असतो. त्यानंतर काय होते ते शिरोळ तालुक्यातल्या गावांना विचारावे. तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण पुन्हापुन्हा वाचतो. मरण्याआधी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडे टाकून धापा टाकतात. त्यांना विषच लागते असे नाही; पुष्कळदा श्वासच पुरत नाही. आणि नदीवर हिरवेगार दिसणारे केंदाळ, म्हणजे जलपर्णी, हे तिच्या पोटात नको ते गेल्याचे लक्षण आहे.

हे फक्त माशांपुरते राहिलेले नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले, त्यांपैकी ५३ एकट्या महाराष्ट्रात होते आणि राज्यांत आपला क्रमांक पहिला होता. ज्या भूमीला आपण संतांची म्हणतो, जिथल्या बहुतेक मोठ्या क्षेत्रांना नदीचा काठ आहे, तिची ही नोंद मला लाज वाटावी अशी वाटते.

निर्माल्य आणि मूर्ती हा या सगळ्यातला लहान भाग आहे, आणि नदीच्या नावाने फक्त भाविकांना बोल लावणे अन्यायाचे आहे. तरीही तो भाग मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपण रीत बदलू शकतो याचा पुरावा तिथेच मिळतो. ‘मूर्ती वाहत्या पाण्यातच सोडली पाहिजे’ हे एके काळी इतके पक्के होते की मूर्तिदानाचा शब्द काढणाऱ्या कार्यकर्त्यांना घाटावर चार शब्द ऐकून घ्यावे लागत. आज शहरातली मंडळे इराणी खणीकडे, म्हणजे पाणी साठलेल्या जुन्या दगडखाणीकडे, जातात आणि गावोगावी काहिलीत गणपती विसर्जित होतो. गुऱ्हाळावर उसाचा रस आटवणारी काहील बाप्पाच्या विसर्जनाला उभी राहिली, आणि कोणाचीही भक्ती त्यामुळे कमी झाल्याचे मला दिसत नाही. शेणीदानाचेही तसेच. होळी लहान करायची आणि उरलेल्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, पंचगंगेच्या स्मशानभूमीला द्यायच्या, म्हणजे तिथल्या मोफत अंत्यसंस्कारांना इंधन मिळते, ही रीत कोल्हापूरने स्वतःच्या अकलेने घडवली. सणाची आच कमी न करता तिला सेवेचे वळण देणे आपल्या हातात बसलेले आहे.

शिवाय, नदीपाशी कसे वागावे हे आपल्या परंपरेने सांगितलेलेच नव्हते असे नाही. जुन्या धर्मग्रंथांत गंगेच्या काठी वर्ज्य असलेल्या गोष्टी मोजून सांगितल्या आहेत. मलमूत्र विसर्ग तर आलाच, पण चूळ टाकणे, अंग चोळून मळ काढणे, अंगावरचे वस्त्र सोडून देणे आणि निर्माल्य टाकणे हेही त्यांत आहे. म्हणजे निर्माल्य नदीत टाकू नका असे आज कोणी सांगितले तर तो धर्माला नवे काही शिकवत नाही; जुन्याचीच आठवण करून देतो. आपण त्या शिकवणीतले स्नानाचे पुण्य तेवढे ठेवले आणि स्नानाची शिस्त सोडली. आंघोळीच्या वेळी सात नद्यांना तांब्यात बोलावण्याचा श्लोक पाठ आहे, पण त्या खरोखर आल्या तर आज काय घेऊन येतील याचा विचार आपण करत नाही.

शब्दांनीही आपले नुकसान केले आहे. जयंती ही नदी होती. कळंब्याच्या बाजूने येऊन शहर ओलांडून ती पंचगंगेला मिळते. तिच्यात मैलापाणी सोडता सोडता आपण तिला ‘जयंती नाला’ म्हणू लागलो, आणि एकदा नाला म्हटले की त्यात काहीही टाकायला मन मोकळे होते. शहरातल्या मुलांना आज ती नदी होती हे सांगितले तर खरे वाटत नाही. कसबा बावड्याला दिवसाला ७६ दशलक्ष लिटर आणि दुधाळीला १७ दशलक्ष लिटर पाण्यावर प्रक्रिया करण्याच्या क्षमतेची केंद्रे उभी राहिली, ही चांगली गोष्ट आहे. पण जयंतीवरचा उपसा बंद पडला किंवा मोठा पाऊस झाला की मैलापाणी ओसंडून थेट नदीत जाते, आणि गटारीच्या वाहिन्या न जोडलेल्या वस्त्यांचे पाणी केंद्रापर्यंत पोहोचतच नाही. पंचगंगेवर प्रेम करायचे असेल तर घाटावर येण्याआधी आपल्या घरामागच्या ओढ्यापाशी थांबायला हवे. मला तर वाटते, महापालिकेने कागदोपत्री ‘नाला’ हा शब्द खोडून ‘जयंती नदी’ असे लिहायला सुरुवात करावी. त्याने पाणी स्वच्छ होणार नाही हे मला कळते, पण नदीत मैला सोडण्याच्या परवानगीवर सही करताना कोणाचा तरी हात अडखळेल.

याहून अवघड मुद्दा पिण्याच्या पाण्याचा आहे, आणि त्यावर आपण पुरेसे बोललेलो नाही. पंचगंगेचे पाणी नको झाले म्हणून इचलकरंजीने कृष्णेकडे हात पसरला, तेही पुरेना तेव्हा दूधगंगेवरच्या सुळकूड योजनेचा आग्रह धरला, आणि दूधगंगेकाठच्या गावांनी ‘आमचे पाणी देणार नाही’ म्हणून विरोध उभा केला. कोल्हापूर शहराने काळम्मावाडी धरणातून पन्नासहून अधिक किलोमीटरची थेट पाईपलाईन आणली. २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात आले तेव्हा लोकांनी केलेला जल्लोष मी पाहिला आहे, आणि त्या आनंदात मीही होतो. वर्षानुवर्षे पावसाळ्यात गढूळ पाणी आणि उन्हाळ्यात वास मारणारे पाणी सोसलेल्या माणसांना स्वच्छ पाणी मिळाले, यात वावगे काय? इचलकरंजीच्या माणसांनाही स्वच्छ पाण्याचा तेवढाच हक्क आहे. पण याची दुसरी बाजू अशी की शहराचा आणि शेजारच्या नदीचा तोंडचा संबंध तुटत चालला. ज्या विहिरीचे पाणी घरात येते तिच्यात कोणी कचरा टाकत असेल तर आपण भांडतो; जिचे पाणी येत नाही ती विहीर कचऱ्याने कशी भरते हे गावोगावच्या बुजलेल्या आडांवरून दिसते. पंचगंगेच्या बाबतीत हीच भीती आहे. खालच्या अंगाची गावे मात्र अजून तिच्यावरच आहेत. शहराच्या नळाला धरणाचे पाणी आणि शहराचे सांडपाणी शिरोळच्या वाट्याला, ही वाटणी कोणत्याही धर्मात बसत नाही. म्हणून थेट पाईपलाईनने शहराची जबाबदारी वाढवली आहे असे मी मानतो: ज्याला दुसरीकडून पाणी मिळाले त्याने आधी आपली घाण आवरली पाहिजे.

नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा द्यावा, असेही सुचवले जाते. न्यूझीलंडने २०१७ मध्ये वांगानुई नदीला तो दिला, कारण तिथले माओरी लोक नदीला आपला पूर्वज मानतात आणि त्यासाठी ते पिढ्यान्‌पिढ्या लढले. त्याच वर्षी उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला तसा दर्जा दिला आणि काही महिन्यांतच सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. आपल्याकडे नदी आधीच देवी आहे. तिला व्यक्ती ठरवून तिची बढती होणार की बदली, यावर मी फार वेळ घालवणार नाही. दर्जा कोणताही असो, तिच्या वतीने उभे राहणारे माणूस लागते.

ते कसे उभे राहते याचे उदाहरण पंजाबात आहे. सुलतानपूर लोधीजवळची काली बेईं ही नदी गुरू नानकांच्या आयुष्याशी जोडलेली. तिच्यात स्नान करताना त्यांना साक्षात्कार झाला असे शीख मानतात. सुमारे १६० किलोमीटरची ही नदी गावांच्या आणि शहरांच्या सांडपाण्याने आणि जलपर्णीने गुदमरली होती. २००० साली संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी कारसेवा पुकारली. गुरुद्वारा बांधायला किंवा सरोवर उपसायला जशी कारसेवा होते तशीच ही. माणसे पाण्यात उतरली, हातांनी जलपर्णी काढली, काठ बांधले, आणि सांडपाणी नदीत न सोडता प्रक्रिया करून शेतीला देण्याची सोय गावांनी केली. ज्या भक्तीने लंगरची भांडी घासली जातात तीच भक्ती नदीच्या गाळात उतरली. आपल्याकडे वारी आहे, श्रमदान आहे, देवळाच्या बांधकामाला एकेक दगड वाहून नेणाऱ्या गावांच्या आठवणी आहेत. मग नदीच्या वाट्याला फक्त ओटी का यावी?

ओटीचा मला आदर आहे. २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले, २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर; धोक्याची पातळी ४३ फूट. त्या दिवसांत कंबरभर पाण्याच्या काठाशी उभ्या राहून साडी-खण-नारळाने नदीची ओटी भरणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत जे होते ते खोटे नव्हते. पण पूर ओसरल्यावर काठावरच्या बाभळींना लटकलेले प्लॅस्टिक हे आपण वर्षभर भरलेल्या ओटीचेच होते. आणि पूररेषेच्या आत भराव टाकून घरे, कार्यालये बांधताना नदीचा घरात येण्याचा तो हक्क आपण पार विसरलो.

नदीला द्यायचे ते पाण्याच्या रूपाने द्यायला हवे. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले, तेव्हा कोरडवाहू शेतकऱ्याला पाण्याचा वाटा मिळावा ही त्यांची दृष्टी होती. तो वाटा मिळाला, ऊस उभा राहिला, जिल्हा सुखवस्तू झाला. आता एक वाटेकरी राहून गेला आहे. खळ्यावर धान्याची रास पडली की घरी नेण्याआधी बलुतेदारांचे बलुते काढून ठेवत. सुताराचे, लोहाराचे, कुंभाराचे काढले जाई, कारण त्यांच्यावाचून पीक आलेच नसते. नदीवाचून कोणते पीक आले? राधानगरी, तुळशी, कासारी, कुंभी या धरणांच्या पाण्याचे आवर्तन ठरवताना शेती, उद्योग आणि पिणे यांच्या आधी नदीचे बलुते काढून ठेवावे, म्हणजे उन्हाळाभर तिच्या पात्रात थोडे तरी वाहते पाणी राहील. मासे मेल्यावर आरडाओरडा झाला की पाणी सोडायचे, यापेक्षा हे किती सन्मानाचे होईल! याची किंमत आहे, ती उसाच्या क्षेत्रात मोजावी लागेल, आणि ती मोजायची तयारी नसेल तर पुनरुज्जीवन हा शब्द वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

२०२८ मध्ये गुरू कन्या राशीत येईल आणि बारा वर्षांनी पुन्हा नरसोबाच्या वाडीला कन्यागत महापर्वकाळ लागेल. २०१६ च्या पर्वकाळासाठी रस्ते झाले, घाट झाले. या वेळीही होतील. पण पर्वस्नान पाण्यात करायचे असते, फरशीवर नव्हे. म्हणून माझी सूचना तालीम मंडळांना आणि गल्लीतल्या तरुण पोरांना आहे. आषाढात जशी घागर नेता तशी या चैत्रात, जोतिबाच्या सासनकाठ्या पंचगंगेवर स्नानाला येतात त्याच्या आठवडाभर आधी, घाटावरून, जयंतीच्या मुखापाशी आणि राजाराम बंधाऱ्यावरून एकेक बाटली पाणी भरा. विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याचे साहित्य महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांत मिळते आणि शिकवायला प्राध्यापक तयार होतात. मिळालेला आकडा मंडळाच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा, खाली ५ मिलिग्रॅमचे मानक लिहा आणि दर महिन्याला तो पुसून नवा लिहा. शिरोळच्या गावांनी तेरवाडला तेच करावे. आणि पर्वकाळाच्या तयारीची पहिली सरकारी बैठक होईल तेव्हा घाटाच्या आराखड्याआधी हे सगळे आकडे टेबलावर मांडावेत.